कंबर हरवलेली न्यायदेवता

चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. आवाज भरदार, खर्जातला. जगात टिकून राहिलेल्या सर्वात जुन्या चेलोंपैकी एक अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हर्मिलियन गावी, नॅशनल म्युझिक म्युझियममध्ये आहे. त्याचं नाव 'किंग'. इटलीतल्या क्रेमोनाच्या आंद्रेआ आमातीने तो सोळाव्या शतकाच्या मध्याला घडवला. पुढे फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स (१५६०-१५७४) याच्या दरबारासाठी तो रंगवून सोन्याने सजवला.

पण पाठीवरच्या न्यायदेवतेला कंबरच नाही!

त्याचं असं झालं. पूर्वी तारा म्हणजे नुसती आतड्याची तात. खर्ज हवा तर तात लांब हवी, म्हणजे वाद्यही अवाढव्य. १६६० च्या सुमारास इटलीत तातीवर धातूची बारीक तार गुंडाळायला लागले. तात जड झाली, आखूड असूनही खाली बोलू लागली. मग चेलो लहान होत गेले. १७०७ च्या सुमारास स्त्रादिवारीनेही धाकटा साचा घेतला.

राहता राहिले जुने थोराड चेलो. कारागिरांनी ते उघडले, कापले आणि पुन्हा जोडले. 'किंग'वर ही पाळी १८०१ च्या सुमारास आली. लाकडाबरोबर चित्रही गेलं.

ऐकून जीव हळहळतो खरा. पण त्या कारागिरांना नावं ठेवावीशी मला वाटत नाहीत. त्यांच्या लेखी तो ठेवा नव्हता, वाजवायचं वाद्य होतं. वादकाच्या हाताला न झेपणारं वाद्य माळ्यावर जातं, आणि माळ्यावरून पुढे कुठे जातं ते आपल्याला ठाऊक आहेच.

आजच्या कार्यशाळेतली रीत वेगळी. जुन्या व्हार्निशला शक्यतो हात लावायचा नाही. जोडायला सरसच वापरायचा, कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा. हवामानाने लाकूड ताणलं, तर आधी सांधा सुटावा, लाकूड तडकू नये, एवढाच तो पक्का ठेवायचा. शिवाय पुढच्या कारागिराला तो सांधा ऊब आणि ओल देऊन उघडता येतो.

मला यातलं हेच भावतं. आपल्यानंतर कोणीतरी येणार आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, हे धरून काम करायचं. करवतीने घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही. सरसाचा घेता येतो.