तंजावरच्या राणी कामाक्षीबाई : विधवा, वारस की प्रतिपक्ष?

तंजावरच्या मराठी राज्याचा शेवट बहुतेक पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आटोपतो : १८५५ मध्ये राजा निपुत्रिक वारला व राज्य खालसा झाले. ‘निपुत्रिक’ या शब्दाकडे विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. दुसरे शिवाजी यांच्यामागे अनेक राण्या होत्या, मुलीही होत्या. नव्हता तो फक्त पुत्र.

मुळात १७९९ च्या तहाने दुसरे सरफोजी यांनी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला होता. राजाकडे किल्ला, लगतचा परिसर आणि राजपद एवढेच उरले होते. शिवाजींच्या मृत्यूनंतर कंपनीने राजपद तर संपवलेच, पण १८५६ मध्ये राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. तेव्हा ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यांनी राज्य मागितले नाही. हिंदू कायद्यानुसार विधवा ही पतीच्या खासगी मालमत्तेची वारस ठरते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले.

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र १८५९ मध्ये हा निर्णय फिरवला. जप्ती हे ‘राज्यकृत्य’ होते. म्हणजे एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली कृती. ती न्याय्य असो वा नसो, देशी न्यायालयांना तिची चौकशी करण्याचा अधिकार नाही, असे ठरले.

यातील विसंगती लक्षात घ्यावी. गादीचा प्रश्न आला तेव्हा विधवा व मुली यांना राजकीय अस्तित्वच नव्हते. मालमत्तेचा प्रश्न आला तेव्हा मात्र त्या केवळ कुटुंबातील विधवा न राहता परक्या सत्तेचा अवशेष ठरल्या. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनीही १८५४ मध्ये प्रथम अर्ज-विनंत्यांचाच मार्ग धरला होता. त्यांचा प्रश्न दत्तकपुत्राच्या हक्काचा होता. तंजावरचा प्रश्न स्त्रीच्या स्वतःच्या वारसाहक्काचा होता.

पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता ज्येष्ठ राणीकडे परत दिली, परंतु हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. त्यानंतर वाद राजवाड्याच्या आत आला. जिजाईअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई या १८६८ च्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने सर्व विधवांचा हक्क संयुक्त व समान मानला. ज्येष्ठतेमुळे व्यवस्थापनाचा अधिकार मिळतो, अधिक वाटा नव्हे, असे स्पष्ट केले. राज्यकृत्याचा निवाडा पुढे सार्वभौमत्वाच्या चर्चेत, तर हा दुसरा निवाडा सहविधवांच्या वारसाहक्काच्या चर्चेत उद्धृत होत राहिला.

सारांश, ‘वारस नव्हता’ हे निव्वळ वर्णन नसून तो एक राजकीय निर्णय होता. वारस कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याची सत्ता कोणाच्या हाती होती, हा प्रश्न खालसा धोरणाच्या अभ्यासात आधी विचारला पाहिजे.