लढाऊ टर्बोफॅन आणि त्याचे सुटे भाग

टर्बोफॅन इंजिनाच्या तोंडाशी पंखा असतो. त्याने ओढलेली काही हवा गाभ्यात दाबली जाते, इंधनासोबत जळते आणि टर्बाइन फिरवते; उरलेली हवा गाभ्याला बाहेरून वळसा घालून मागे निघते. त्यामुळे इंधन वाचते. लढाऊ विमानात इंजिन सडपातळ हवे, म्हणून तिथे वळशाची हवा थोडी. सोव्हिएत अभियंते आर्खिप ल्यूल्का यांनी अशा इंजिनाची कल्पना १९४१ सालीच नोंदवून ठेवली होती. सुखोई-३० एमकेआयच्या एएल-३१ एफपी इंजिनातली ‘एएल’ ही त्यांचीच आद्याक्षरे.

भारताच्या लढाऊ ताफ्यात टर्बोफॅन आले १९७९ साली, जग्वारबरोबर. त्याचे अडोर इंजिन ब्रिटनच्या रोल्स-रॉइस आणि फ्रान्सच्या टर्बोमेका यांनी मिळून घडवले होते. पुढे बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) ते परवान्याने बनवू लागली. त्याआधीच्या मिग-२१ चे इंजिन टर्बोजेट, म्हणजे वळशाची हवा नसलेले, होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना मिगची कामे तीन ठिकाणी वाटली गेली: सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. महाराष्ट्रात विमान जुळू लागले, त्याचे इंजिन मात्र बाहेरून येत राहिले.

  

१९८७ साली मिग-२९ आले आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून उडू लागले. त्यांच्या आरडी-३३ इंजिनाने सुट्या भागांचा खरा धडा दिला. धावपट्टीवरचा खडा आत गेला तर पाती मोडतात. म्हणून मिग-२९ जमिनीवर असताना हवेची मुख्य तोंडे झडपांनी बंद होतात आणि पंखाच्या वरच्या फटींतून हवा घेतली जाते. एवढे करूनही अनेक इंजिने मुदतीआधी उतरवावी लागली. ती उघडून दुरुस्त करण्याची सोय तेव्हा देशात नव्हती. त्यातच १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत गेले आणि पुरवठा विस्कटला. विमान विकत घेताना त्याच्या इंजिनाची ओव्हरहॉल व्यवस्थाही घ्यायला हवी होती, हे फार महाग पडून कळले.

सगळ्यांत अवघड भाग म्हणजे टर्बाइनची पाती. त्यांच्याभोवतीचा वायू त्यांच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूहूनही तापलेला असतो. पात्याच्या पोटातल्या बारीक वाटांतून तुलनेने थंड हवा खेळवली जाते, म्हणून ते टिकते. असे पाते ओतणे मोजक्याच देशांना जमते आणि परवाना देणारा हे ज्ञान सहसा सर्वांत शेवटी देतो.

कोरापूटने पुढे आरडी-३३ आणि एएल-३१ एफपी दोन्ही बनवले. सुखोईची जुळणी ओझरला झाली. तिथल्याच हवाई दलाच्या ११ क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत मिग-२९ आणि सुखोईचे ओव्हरहॉल होते. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कोरापूटला २४० एएल-३१ एफपी इंजिनांचे काम दिले. किंमत २६,००० कोटी रुपयांहून अधिक, मुदत आठ वर्षे. करार संपेपर्यंत देशी भागांचा वाटा ६३ टक्क्यांवर न्यायचा आहे.