कव्हरची लाज आणि ब्लूजची उधारी

दुसऱ्याची गाणी वाजवणाऱ्या बँडकडे रॉकच्या जगात जरा खालच्याच नजरेनं पाहिलं जातं. गिटारवाल्याचा हात कितीही तयार असो, ‘क्रॉसरोड्स’ किंवा ‘स्टेट्सबरो ब्लूज’ तो कितीही जीव ओतून वाजवो, ‘कव्हर बँड’ म्हटलं की शेरा ठरलेला: यांचं स्वतःचं काही नाही. हा शेरा इतका अंगवळणी पडला आहे की तो पहिल्यापासून असाच होता असं वाटतं. पण ब्लूज-रॉक जिथे आकाराला आलं त्या लंडनमध्ये, १९६२ साली, असं काही नव्हतं. दुसऱ्याचं गाणं वाजवणं ही तिथे पात्रतेची खूण होती. त्याची लाज वाटू लागली ती पुढच्या सहा-सात वर्षांत, आणि तिचं मूळ संगीतापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं. ब्लूज-रॉकमधल्या ज्या उचलेगिरीबद्दल आजही कडवटपणे बोललं जातं, तिचा ठपका कव्हर वाजवणाऱ्यांवर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. कव्हर वाजवतो आहोत हे सांगायचं ज्यांनी टाळलं, त्यांच्या हातून ती घडली.

१७ मार्च १९६२ रोजी अ‍ॅलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी पश्चिम लंडनमधल्या ईलिंग भागात, एका तळघरात, ब्लूजचा क्लब सुरू केला. तिथे जमणाऱ्या तरुणांकडे शिकायला गुरू नव्हते, होत्या फक्त तबकड्या, आणि त्याही सहजी मिळत नसत. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची बालपणीची ओळख १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये डार्टफर्ड स्टेशनवर पुन्हा जुळली, ती जॅगरच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या म्हणून. पुढच्या जुलैत मार्की क्लबात ज्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला, त्यानं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतलं: रोलिंग स्टोन्स. १९६४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी इतरांची होती, आणि ही गोष्ट झाकायची कुणाला गरज वाटली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘लिटल रेड रूस्टर’ हे संथ, गिटारवरच्या स्लाइडनं कण्हणारं ब्लूज गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून नाव होतं विली डिक्सन यांचं. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा हा माणूस एके काळी मुष्टियोद्धा होता; आता तो शिकागोच्या चेस कंपनीत बास वाजवत होता, गाणी लिहीत होता आणि इतरांकडून ती बसवून घेत होता. १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्टोन्सनी आग्रह धरून हाउलिन वुल्फ यांना बोलावून घेतलं. ‘रूस्टर’ वुल्फ यांनी १९६१ मध्येच गायलं होतं. पन्नाशी ओलांडलेले वुल्फ गात होते आणि स्टोन्स त्यांच्या पायाशी बसून ऐकत होते. आपण कुणाचं वाजवतो हे सांगण्यात त्या मुलांना कमीपणा वाटत नव्हता, उलट ती मिरवायची गोष्ट होती.

मग बिघडलं कुठे? तबकडी विकली गेली की गायक-वादकांना एक हिस्सा मिळतो आणि गाणं रचणाऱ्याला दुसरा. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यानं हा दुसरा हिस्सा एका गाण्याला दोन सेंट असा ठरवला होता आणि १९७८ पर्यंत तो तेवढाच राहिला. दोन सेंट म्हणजे चिल्लर, पण लाखो तबकड्यांच्या हिशेबात ती चिल्लर राहत नाही. शिवाय रेडिओवर आणि रंगमंचावर गाणं वाजलं की वेगळे पैसे. कव्हर वाजवणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. तबकडीच्या मागच्या बाजूचं, कुणी फारसं न ऐकलेलं गाणंही रचनाकाराला पुढच्या बाजूइतकंच कमावून देतं. बीटल्सनी स्वतःची गाणी स्वतः रचून हा व्यवहार सगळ्यांना उघड करून दाखवला. स्टोन्सचा व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यानं जॅगर आणि रिचर्ड्स यांना गाणी लिहायला लावलं ते याच काळात. पैशाच्या या ओढीला लवकरच प्रतिष्ठेची जोड मिळाली. स्वतः लिहितो तो कलावंत आणि दुसऱ्याचं वाजवतो तो कारागीर, अशी वर्गवारी रूढ झाली. ब्लूजवर वाढलेल्या बँडची यात कोंडी झाली, कारण त्यांचा सगळा रियाज दुसऱ्यांच्या गाण्यांवर झालेला होता.

दोन गाणी शेजारी ठेवली की या कोंडीतून काय निघालं ते नेमकं दिसतं. पहिलं क्रीम या तिघांच्या बँडचं ‘क्रॉसरोड्स’, १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ध्वनिमुद्रित झालेलं. रॉबर्ट जॉन्सननं हे गाणं १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत मुद्रित केलं होतं. तो एकटा होता. अंगठ्यानं खालच्या तारा आणि स्लाइडनं वरच्या तारा सांभाळत, गळ्याला वाटेल तेव्हा तो ओळ लांबवतो, क्षणभर थांबतो, एखादा ठोका गिळतो. एकट्याला ही मोकळीक असते. तिघांनी एकत्र वाजवायचं तर कुणी कुठे वळायचं हे आधी ठरावं लागतं. म्हणून एरिक क्लॅप्टननं जॉन्सनच्या वादनातली एक आकृती उचलून ती सरळ, ठोस आणि धावती केली, सगळं गाणं बारा बारच्या काटेकोर साच्यात बसवलं आणि जॉन्सनच्याच दुसऱ्या एका गाण्यातलं एक कडवं त्यात घातलं. जॅक ब्रूसचा बास खाली नुसता आधार देत बसत नाही, गिटारशी झोंबत चालतो, आणि जिंजर बेकर दोघांनाही पुढे रेटतो. क्लॅप्टनचे दोन्ही सोलो नवे, वेग नवा, ध्वनी तर पूर्णच नवा. मूळ मुद्रण आणि हे मुद्रण लागोपाठ ऐकणाऱ्या अनोळखी माणसाला दोन्हींतलं नातं चटकन कळेल असं मला वाटत नाही. तरीही तबकडीवर रचनाकार म्हणून रॉबर्ट जॉन्सनचंच नाव आहे.

दुसरं गाणं लेड झेपेलिनचं ‘होल लॉटा लव्ह’, १९६९ सालचं. त्याची ती गुरगुरणारी, दोन-तीन स्वरांतच कानात रुतणारी रिफ जिमी पेजची स्वतःची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रॉबर्ट प्लँट जे गातो त्यातला मोठा भाग विली डिक्सन यांच्या ‘यू नीड लव्ह’ मधला आहे. मडी वॉटर्सनी ते १९६२ मध्ये गायलं होतं. लंडनच्या स्मॉल फेसेस या बँडनं १९६६ मध्ये त्याच गाण्यावरून एक गाणं केलं आणि तेही स्वतःच्याच नावावर लावलं. झेपेलिनच्या तबकडीवर चौघा सदस्यांची नावं होती, डिक्सन यांचं नव्हतं. खरी लक्षात घेण्याची गोष्ट पुढेच आहे. याच बँडच्या पहिल्या अल्बमवर, त्याच वर्षाच्या जानेवारीत, डिक्सन यांची दोन गाणी आहेत आणि दोन्हींवर त्यांचं नाव रीतसर छापलेलं आहे. नऊ-दहा महिन्यांत या मंडळींना डिक्सन कोण याचा विसर पडला, असं म्हणता येणार नाही. पहिल्या अल्बमवरची ती दोन गाणी उघड कव्हर होती म्हणून नाव आलं. ‘होल लॉटा लव्ह’ आपली रचना म्हणून मांडायचं होतं म्हणून नाव गेलं. क्रीमनंही नवी रिफ घडवली आणि झेपेलिननंही. एकानं तिच्यासकट गाण्याला कव्हर म्हटलं, दुसऱ्यानं तिच्या जोरावर सगळं गाणं आपलं म्हटलं. संगीताच्या दृष्टीनं दोन्ही कामं माझ्या मते अव्वल आहेत. फरक पडला तो फक्त तबकडीवरच्या कागदात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ब्लूजमध्ये मूळ असं असतंच कुठे? मडी वॉटर्सचं म्हणून क्रीमनं वाजवलेलं ‘रोलिन अँड टंबलिन’ हँबोन विली न्यूबर्न यानं १९२९ मध्येच मुद्रित केलं होतं. जॉन्सनचं ‘स्वीट होम शिकागो’ कोकोमो आर्नल्डच्या १९३४ सालच्या गाण्यावर उभं आहे, आणि आर्नल्डचं गाणं स्क्रॅपर ब्लॅकवेलच्या त्याहून जुन्या गाण्यावर. ओळी, चाली, गिटारची वळणं या माणसांत हातोहात फिरत होती. मग मिसिसिपीतल्या गवयाला जे माफ, ते इंग्लंडमधल्या पोरांना का नको? उत्तर व्यवहारात आहे. शेताच्या कडेच्या गुत्त्यात गाणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या ओळी उचलल्या तर दोघांचंही नुकसान किंवा फायदा सारखाच असे. त्यांची कमाई त्या रात्रीच्या गाण्याची होती. ओळीवरच्या हक्कातून त्यांच्यापैकी कुणी श्रीमंत होणार नव्हतं. १९६९ मध्ये तीच ओळ जगभर विकली जाणारी मालमत्ता झाली होती आणि घेणारा व देणारा बरोबरीचे राहिले नव्हते. एकाकडे वकील होते, दुसऱ्याकडे बहुधा आपल्याच गाण्याचे कागदही नव्हते. कृती तीच असली तरी तिचा परिणाम बदलला होता, आणि न्याय परिणामाकडे बघूनच करावा लागतो.

दुसरा आक्षेप माझ्या म्हणण्याला जास्त अडचणीचा आहे: नाव छापल्यानं गरीब कलावंताच्या हातात काय पडलं? डिक्सन आणि मडी वॉटर्स यांच्या गाण्यांचे हक्क आर्क म्युझिक या प्रकाशन संस्थेकडे होते आणि तिच्या मालकांत चेस बंधू होते; हक्काच्या पैशांसाठी पुढे या दोघांना आर्कवरच दावा लावावा लागला. एल्विस प्रेस्लीनं १९५४ मध्ये ज्यांचं गाणं गाऊन कारकीर्द सुरू केली, ते आर्थर क्रुडप १९७४ मध्ये वारले तेव्हाही त्यांना त्यांच्या गाण्यांचा योग्य मोबदला मिळालेला नव्हता. उघड कव्हर वाजवूनही नाव गाळलं गेल्याची उदाहरणं आहेतच. जॉन्सनचं ‘लव्ह इन व्हेन’ स्टोन्सनी १९६९ मध्ये वाजवलं तेव्हा श्रेयात त्याचं नाव नव्हतं, आणि ‘पारंपरिक’ हा शिक्का तर कित्येकांनी सोयीसाठी वापरला. हे सगळं मी मान्य करतो. तरी छापलेल्या नावाचा उपयोग पुष्कळदा उशिरा होतो, आणि होतो तेव्हा तोच एक आधार असतो. स्किप जेम्स यांनी १९३१ मध्ये मुद्रित केलेलं ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ क्रीमनं १९६६ मध्ये त्यांच्या नावानिशी वाजवलं. आजारानं खंगलेल्या जेम्स यांना शेवटच्या वर्षांत त्याचे पैसे मिळाले, ते १९६९ मध्ये वारले. रॉबर्ट जॉन्सन १९३८ मध्ये सत्तावीस वर्षांचा असताना मेला. साठ वर्षांनी, १९९८ मध्ये, मिसिसिपीच्या न्यायालयानं क्लॉड जॉन्सन यांना त्याचा मुलगा आणि वारस ठरवलं, आणि तोवर साठलेले हक्काचे पैसे त्यांच्याकडे गेले. त्या पैशांचा एक मोठा झरा म्हणजे जॉन्सनचं नाव लावून इतरांनी वाजवलेली गाणी. याउलट डिक्सन यांना ‘होल लॉटा लव्ह’ साठी १९८५ मध्ये न्यायालयात जावं लागलं. १९८७ मध्ये तडजोड झाली, म्हणजे गाणं गाजल्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी.

राहता राहिले आजचे कव्हर बँड. त्यांच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे: ही मंडळी क्लॅप्टनसारखं काही नवं घडवत नाहीत, विंटरलँडचा सोलो स्वरन् स्वर गिरवतात आणि त्या रात्री सहज सुचलेली गोष्ट शिळी करून वाढतात. यात तथ्य आहे, आणि मला त्याचं वाईटही वाटतं. ‘स्टेट्सबरो ब्लूज’ वाजवणारे बहुतेक जण १९७१ च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये डुएन ऑलमननं औषधाची काचेची बाटली बोटात घालून जी स्लाइड वाजवली तीच वाजवतात. ऑलमनला ती वाट १९६८ च्या ताज महाल यांच्या मुद्रणावरून मिळाली, आणि त्याच्या मागे ब्लाइंड विली मॅकटेल यांचं १९२८ सालचं बारा तारांच्या गिटारवरचं नाजूक गाणं आहे. एवढं मागे जाऊन कुणी काही वेगळं शोधलं तर मला हवंच आहे. पण गिरवणं हा दोष कलेच्या बाजूचा आहे, नीतीच्या बाजूचा नव्हे, आणि या दोन बाजूंची सरमिसळ झाल्यामुळेच कव्हरला बदनामी चिकटली. जाहीरपणे दुसऱ्याचं वाजवणारा बँड कुणाचं काही लपवत नाही. ब्रिटनमध्ये १९१४ पासून परफॉर्मिंग राइट सोसायटी कार्यक्रमांच्या जागांकडून परवाना शुल्क घेते, आणि त्या रात्री वाजलेल्या गाण्यांची यादी बँडनं तिच्याकडे दिली की रचनाकारांचा वाटा त्यावरून काढता येतो. भारतात हेच काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस करते. यादी भरून देण्याचा कंटाळा करणारे बँड पुष्कळ असतात. त्यांच्यावर टीका करायची तर याच मुद्द्यावर करावी. १९८७ च्या तडजोडीनंतर ‘होल लॉटा लव्ह’ च्या रचनाकारांत विली डिक्सन हे नाव जोडलं गेलं. एखाद्या अनोळखी पबमधल्या अनोळखी बँडनं आज हे गाणं वाजवून यादीत नीट लिहिलं, तर ते गाणं पाच जणांच्या नावानं नोंदलं जातं, आणि १९९२ मध्ये वारलेल्या डिक्सन यांचा वाटा त्यांच्या वारसांच्या खात्याकडे निघतो.