चुन्याची वंशावळ

महाराष्ट्रातल्या अनेक गडांवर, वाड्यांच्या जोत्यांपासून जरा बाजूला, दगडात बांधलेला एक गोल चर दिसतो. ती चुन्याची घाणी. बैल जड दगडी चाक ओढत फिरायचा आणि चरातला विरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी चाकाखाली मळून लोण्यासारखी एकजीव व्हायची. गड पाहायला आलेली मंडळी तोफांपाशी थांबतात आणि घाणीवरून पुढे जातात. मला मात्र गडावरची ही सर्वांत मोलाची वस्तू वाटते, कारण तटबंदी उभी राहिली ती हिच्यातून निघालेल्या मालावर.

चुना अर्थातच गडांपेक्षा कितीतरी जुना. जॉर्डनमधल्या ऐन गझाल इथे सापडलेले चुन्याच्या लेपाचे मानवी पुतळे सुमारे 9,000 वर्षांपूर्वीचे आहेत. कृती तेव्हापासून फारशी बदललेली नाही. चुनखडी किंवा शिंपले साधारण 900 अंशांवर भाजायचे. त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की फसफसून, वाफा सोडत विरतो. भिंतीवर चढल्यावर मात्र तो हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा दगड होतो.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी भुसा-तंतू घातलेल्या मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन रंग लावले. विजापूरच्या गोलघुमटाचा विटांचा प्रचंड घुमट 17व्या शतकापासून चुन्याच्या जोरावर उभा आहे. कोकण-गोव्यात शिंपले भाजून चुना करत. गवंडी त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ घालत. गुळामुळे चुना सावकाश आळतो, कामाला वेळ मिळतो. बेल-उडदाच्या चिकटपणाने पकड येते.

1824 मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं. घट्ट, झटपट, पावसात टिकणारं! 1931 च्या अथेन्स सनदेने तर जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत सळईच्या काँक्रीटचा जपून वापर करायला उघड संमती दिली. हेतू चांगलाच होता, पण दगडाचा स्वभाव कोणी विचारात घेतला नाही. जुनी भिंत ओल घेते आणि चुन्याच्या सांध्यांतून ती सोडून देते. सांधे सिमेंटने बंद केले की पाणी दगडातून वाट काढतं, विरघळलेले क्षार आत स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत राहतो, दगड झिजतो. चुन्याच्या बाबतीत नेमकं उलट: तो स्वतः झिजतो, दगडाला वाचवतो, आणि पुन्हा भरता येतो.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेची हकिगत तर जिवाला लागते. 1605 पासून तिच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, वास्तू अधिक पुरातन दिसावी म्हणून बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञाने तो उतरवला. जांभा मऊ, सच्छिद्र. तेव्हापासून दर पावसाळा तो थेट अंगावर झेलतो. आज लोकांना तेच लाल रूप मूळचं वाटतं, म्हणून गिलावा परत चढवायचं नाव काढलं की विरोध होतो. माझ्या मते तो चढवलाच पाहिजे.

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यामुळे डागडुजीचा प्रश्न आता आणखी मोठा झाला आहे. चुन्याला मुरायला आठवडे लागतात, लावल्यावर कित्येक दिवस तो ओला ठेवावा लागतो, भर पावसात काम होत नाही. कामाची निविदा दिवाळीनंतर निघून पावसाळ्याआधी सगळं उरकायचं म्हटलं, तर ठेकेदार सिमेंटचीच गोणी फोडणार. म्हणून काम मंजूर होण्याच्या कितीतरी आधी, गडाच्या पायथ्याशीच, चुना विरवणं सुरू व्हायला हवं.