परीक्षेने मुके केलेले इंग्रजी

अमेरिकेतल्या हायस्कुलात इंग्रजी हा एकच विषय. त्याच्या पोटात मात्र साहित्य, लेखन आणि वक्तृत्व असे तीन संसार. त्यांची फारकत मुख्यतः एका प्रवेशपरीक्षेने केली, असे माझे मत आहे.

१८३६ पासून निघालेल्या मॅकगफीच्या वाचनमालेतले उतारे शाळकरी मुले उभे राहून, खणखणीत आवाजात म्हणत. वाचणे म्हणजे चारचौघांना ऐकू जाईल असे वाचणे. पुढे १८७४ साली हार्वर्डने प्रवेशासाठी इंग्रजी निबंध सक्तीचा केला. त्याचा विषय नेमलेल्या पुस्तकांतून निघायचा : शेक्सपिअरची ‘टेम्पेस्ट’, ‘ज्युलिअस सीझर’ ही नाटके, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’, स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’. तपासणी मात्र शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि मांडणी यांची. सीझरच्या प्रेतापाशी अँटनी जे भाषण करतो, ते मोठ्याने म्हणून दाखवण्याला गुण नव्हते! जे परीक्षेत नाही त्याला तास कोण देणार? आपल्याकडच्या जुन्या मॅट्रिकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

इतर कॉलेजांनीही अशा याद्या काढल्या. त्यांच्या जाचाविरुद्ध १९११ साली शिकागोत इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. पण या बंडखोरांच्या घरातही वक्तृत्व उपरेच ठरले. १९१४ च्या नोव्हेंबरात तिच्याच अधिवेशनात वक्तृत्वाचे १७ शिक्षक वेगळे झाले आणि त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. ते बहुतेक कॉलेजांतले होते. हायस्कुलातल्या मास्तरांपुढे निबंधांचा गठ्ठा तसाच राहिला.