हंगामी आणि तहहयात

भाषेवर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपण शुद्धलेखनाच्या निमित्ताने पुष्कळ चर्चिला आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि त्यावरून किती शाई खर्ची पडली हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको. संगणकभाषांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. त्यांपैकी पायथन या भाषेचा इतिहास आम्हांला विशेष बोलका वाटतो.

ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळात ॲमस्टरडॅम येथे ती लिहावयास घेतली व १९९१ मध्ये सर्वांना खुली केली. हे गृहस्थ उद्या बसखाली सापडले तर काय, असा प्रश्न १९९४ मध्येच एका वापरकर्त्याने जाहीरपणे विचारला होता. १९९५ मध्ये त्यांना गमतीने पदवी मिळाली : पहिले हंगामी, तहहयात, कृपाळू हुकूमशहा. पुढे 'हंगामी' हा शब्द गळला आणि 'तहहयात' तेवढा उरला. थट्टेने दिलेल्या पदव्यांचे असेच होते.

या हुकूमशहापाशी ना सैन्य होते ना वेतनपट. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. रुसले तर निघून जाणारे. २००० पासून प्रत्येक बदलाचा लेखी प्रस्ताव मांडावा, त्यावर खल व्हावा आणि अखेरचा शब्द ग्विडोंचा असावा, अशी रीत पडली. तिचा लाभ नाकारता येणार नाही. एकाच लेखकाच्या ग्रंथात जो एकजिनसीपणा येतो तो या भाषेतही आला. मात्र निर्णय एकाचा असला की त्यावरचा रोषही त्या एकाच्याच वाट्याला येतो.

२०१८ मध्ये वाद पेटला तो अपूर्णविराम आणि त्यापुढील बरोबरीची खूण या चिन्हजोडीवरून. एखाद्या वाक्यातच पात्राचे नाव ठेवावे आणि त्याच वाक्यात त्याला हाक मारावी, अशी ही सोय. पूर्वी त्यासाठी दोन वाक्ये लागत. ग्विडोंनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै रोजी पद सोडले. एका प्रस्तावासाठी इतके भांडावे आणि इतक्या जणांचा तिरस्कार पदरी यावा, हे पुन्हा नको, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. उत्तराधिकारी त्यांनी नेमला नाही.

मग खरी पंचाईत झाली. नवी व्यवस्था ठरवायची तर ती ठरवण्याचा अधिकार कोणाला? आधी मतदानाची पद्धत ठरवावी लागली. नंतर सात आराखडे पुढे आले. कोणाला पुन्हा एकच नेता हवा होता, कोणाला तिघांचे मंडळ, कोणाला बाहेरच्यांची परिषद, तर कोणाला मध्यवर्ती नेता नकोच होता. डिसेंबर २०१८ मध्ये पाच जणांच्या निर्वाचित परिषदेचा आराखडा निवडला गेला. भाषेच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक, एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोघांहून अधिक नकोत, दोन-तृतीयांश मतांनी अविश्वास : नियम इतके मोजके. २०१९ च्या आरंभी निवडून आलेल्या पहिल्या पाचांत ग्विडोही होते!

या घटनेतील एक कलम आम्हांला सर्वांत शहाणपणाचे वाटते. परिषदेला अधिकार भरपूर दिले आहेत. पण ते शक्य तितके कमी वापरावेत, मतदानापेक्षा सहमती शोधावी, असेही तेथेच लिहून ठेवले आहे. ग्विडोंच्या अंगी जो संयम स्वभावाने होता, तो येथे लेखी आला. सगळे नियमांत बांधले असते तर स्वयंसेवक पांगले असते आणि काहीच लिहिले नसते तर पुढचा वादही असाच एखाद्याच्या उरावर बसला असता.

अर्थात संयमाची खरी कसोटी चिन्हांच्या बाबतीत लागत नाही, माणसांच्या बाबतीत लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये परिषदेने एका अत्यंत ज्येष्ठ विकासकाला वर्तनाच्या कारणावरून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. २०१८ मधील त्या चिन्हजोडीच्या प्रस्तावाचे ते सहलेखक होते. निर्णय योग्य होता की नाही यावर त्या समूहात बराच काळ कडवट चर्चा झाली. या खेपेला मात्र पाचांपैकी कोणा एकालाच तिचा सारा भार सोसावा लागला नाही.