कार्यकालीन मेंदू-संलग्नता : अर्थनिर्णय

नेमून दिलेले काम, उदाहरणार्थ शब्द आठवणे, चालू असताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील रक्तप्रवाहजन्य चुंबकीय संकेत परस्परांशी कितपत मेळाने बदलतात, याचे मापन. सकाळी कचेरीच्या वेळेस अंधेरी व घाटकोपर ही दोन्ही मेट्रो-स्थानके एकदम गजबजतात, म्हणून एकीकडची गर्दी दुसरीकडूनच आली असे मानणे जसे गैरवाजवी, तसेच दोन भाग एकसमयी उद्दीपित झाले एवढ्यावरून त्यांच्यात दळणवळण सिद्ध होत नाही; कामाचा सामाईक परिणाम आधी वजा करून, मग कामागणिक त्यांचा संबंध बदलतो का, हे कार्ल फ्रिस्टन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या मनोशारीरिक आंतरक्रिया-पद्धतीने तपासतात. कार्यकारणभावाचा दाखला तीतूनही मिळत नाही. शिवाय मेंदूतील क्रियेपेक्षा रक्तसंकेताचा उच्चांक ५-६ सेकंद उशिरा येतो, आणि मस्तकाची किंचित हालचालही खोटा संबंध उभा करू शकते.